जिन्याखालची वायर आज काढा

आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा खाली जाऊन जिन्याखाली डोकावा. मीटरच्या पेटीला खेटून एखादी ई-स्कूटर उभी आहे का? वरच्या खिडकीतून लोंबत आलेली एक्स्टेंशन वायर तिला लावलेली आहे का? नसेल, तर बॅटरी बहुधा वर कुणाच्या तरी घरात, दारामागे, चपलांच्या स्टँडशेजारी चार्ज होत असेल. दोन्ही प्रकार आजच्या आज बंद करा, सभेच्या ठरावाची वाट पाहू नका.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला, तळाशी ई-बाइकचं शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आग लागून आठ जण गेले. तिथे धूर जिन्यातून वर चढला. पळायची वाट तीच आणि धुराडंही तेच, म्हणून जिन्याखाली बॅटरी नको.

हे वाचून गाडी विकायला काढू नका. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, आणि मी स्वतः चार वर्षं ई-स्कूटरच चालवतो आहे. पण लिथियमची आग वेगळी असते. एक सेल तापून फुटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. विझली म्हणून पाठ फिरवावी तर पुन्हा भडकते. सावरायला वेळच मिळत नाही.

सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांनो, माझा रोख खरा तुमच्याकडे आहे. ‘पार्किंगमध्ये चार्जिंगला मनाई’ अशी पाटी लावून तुम्ही धोका टाळलेला नाही, तो तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पाठवला आहे. माणूस बॅटरी उचलून घरी नेतो ती हौस म्हणून नव्हे. सभेत प्रश्न एकच येतो: लाइट बिल कोण भरणार? बहुतेक स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटांत भरते आणि चार्जर मिक्सर-इस्त्रीइतकीच वीज ओढतो. सबमीटर लावा, ज्याची गाडी त्याचं बिल. लिफ्टच्या रंगावर दोन-दोन तास भांडणाऱ्या आपल्या सभांना एवढं जमायला हरकत नाही. घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंगला केंद्र सरकारने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच मुभा दिलेली आहे. जागा बाजूंनी उघडी, जिन्यापासून आणि मीटररूमपासून दूर, वर छप्पर, अर्थिंग तपासलेलं, स्वतंत्र एमसीबी. वायरमनचं हे काम एका दिवसाचं आहे.

आता गाडीवाल्यांशी थोडं. ‘बॅटरी दोन वर्षांत बसली’ ही तक्रार रोज कानावर येते. काही कंपन्यांचा माल खरंच वाईट असतो, पण पुष्कळदा बॅटरी आपणच मारतो, आणि ज्या सवयींनी ती लवकर मरते त्यातल्या बऱ्याचशा सवयींनीच ती पेटतेही. निकेलवाली लिथियम बॅटरी साधारण आठशे ते हजार वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी, त्याच्या दुप्पट किंवा जास्त टिकते. हा हिशेब ती थंड राहिली तरच. मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेली गाडी घरी आणून लगेच प्लगला लावली, तर हिशेब तिथेच कोसळतो. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुरे; शंभर लांबच्या फेरीच्या दिवशी. महिनाभर गावी जाताना बॅटरी निम्मी भरून ठेवा. शून्यावर टाकून गेलात तर परत आल्यावर ती कदाचित चार्जच घेणार नाही, आणि अशा बॅटरीला बहुतेक ठिकाणी वॉरंटीही मिळत नाही.

चार्जरचं मात्र नीट वाचा. जुन्या लेड-ॲसिड गाडीच्या चार्जरवरही ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं असतं आणि नव्या लिथियमच्या चार्जरवरही. पण तेरा सेलांच्या ओळीची ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी ५४.६ व्होल्टला काठोकाठ भरते, तर लेड-ॲसिडचा चार्जर ५८-५९ पर्यंत ढकलत राहतो. मध्ये अडवायला फक्त बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं, सर्किट उरतं. तेच बिघडलेलं असेल, किंवा कुणी ‘बायपास’ करून दिलं असेल, तर संपलं. म्हणून शेजाऱ्याचा चार्जर ‘पिन बसते’ एवढ्यावर मागून आणू नका. आणि बॅटरी ‘भरून देणाऱ्या’ मेकॅनिक मंडळींनो, जुन्या-नव्या सेलांची भेसळ करून पॅक बांधू नका. गिऱ्हाईक तो उशाशी घेऊन झोपणार आहे.

पावसाळ्यात गाडी गुडघाभर पाण्यात उभी राहिली असेल तर वरून वाळली म्हणून चार्जिंगला लावू नका. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. प्रेशरच्या पाण्याने धुताना चार्जिंगच्या तोंडावर आणि कनेक्टरवर फवारा नको.

बॅटरी फुगली, तिला गोडसर-उग्र वास आला, सूं-सूं आवाज झाला, तर तिला हात लावू नका, ओढत बाहेरही नेऊ नका. माणसं बाहेर काढा, दार लावून घ्या, १०१ फिरवा. संपलेली बॅटरी भंगारवाल्याला विकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, विक्रेत्याकडे तसा आग्रह धरा.

आणि एक राहिलं. रात्री दहाला तुमचं जेवण घेऊन येणारा मुलगा भाड्याची ई-बाइक चालवतो. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांच्या अंथरुणांमध्ये तिची बॅटरी चार्ज होते, कारण दुसरी जागा नाही. हॉटेलवाल्यांनो, दुकानदारांनो, शटरबाहेर छपराखाली दोन प्लग काढून द्या. दर ठरवून पैसे घ्या, तो देईल. या आठवड्यात वायरमनला बोलवा.