देवळाच्या अंगणात लॉन कशाला?

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी गेलो की संध्याकाळी देवळात टेकायचं, हा माझा परिपाठ. गेल्या मे महिन्यात तिथल्या मंडळींनी एक कागद पुढे केला. अंगणाचं सुशोभीकरण! लॉन, रॉयल पाम, कारंजं आणि उरलेल्या जागेत रंगीत पेव्हर ब्लॉक. हेतू उत्तमच. पण आयुष्यभर बँकेत कर्जप्रस्ताव वाचलेला मी माणूस. बांधकामाच्या खर्चाआधी माझी नजर रोजच्या खर्चावर जाते. इथे तो खर्च पाण्याचा.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी पितो, तसं भराभर सोडूनही देतो. बायका हंडे घेऊन हिंडत असताना देवाच्या दारात हिरवळीवर पाइप सोडायचा?

कोकणातल्या जुन्या देवळांची अंगणं आठवून पाहा. जांभ्याची फरसबंदी, चिऱ्यांच्या फटींतून मुरणारं पाणी, तुळशीवृंदावन, दीपमाळ, कडेला बकुळ, सुरंगी, चाफा. (पांढरा देवचाफा मूळचा अमेरिकेतला, पण त्याला आता परका कोण म्हणेल?) बकुळीखाली दहा माणसं बसतात, पोरी फुलं वेचतात. पामच्या सावलीत छत्रीसुद्धा मावायची नाही.

मी सुचवलं, पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं विहिरीकडे न्या आणि दोन बकुळी लावा.

“अहो भाऊ, बकुळीची सावली पडेपर्यंत आपण असू का?” समितीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले.

“नसू,” मी म्हटलं, “पण खड्डे पावसाआधीच खणायला हवेत.”