दुखण्याचा निरोप

परवा चकल्या तळताना आमच्या सौभाग्यवतींच्या मनगटावर तेलाचा थेंब उडाला आणि "आई गं!" हा उद्गार बाहेरच्या खोलीपर्यंत आला. मी पेपर तपासत होतो. लेखणी खाली ठेवून आत धावलो खरा, पण मनात विचार आला, पोळले मनगट आणि ओरडले तोंड. मधल्या वाटेने निरोप नेला कोणी? मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एटीपी नावाचा पदार्थ असतो. न्यूक्लिओटाइड जातीचा हा पदार्थ १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि हार्वर्डला सायरस फिस्के व आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधून काढला. पेशीच्या चुलीतले हे सरपण. योगायोग असा, की त्याच साली लंडनला जेफ्री बर्नस्टॉक जन्माला आले. पुढे मेलबर्नला आतड्याच्या स्नायूंवर काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की मज्जातंतूंचे दोन्ही माहितीतले निरोपे औषधांनी अडवले, तरी तिसराच कोणी निरोप पोचवतो आहे. तो एटीपी, असे त्यांनी १९७२ साली ठामपणे मांडले. विद्वान हसले. घरोघरी जळणारे सरपण कधी टपाल वाटते काय? वीसेक वर्षे बर्नस्टॉकना हा अविश्वास सोसावा लागला. मग १९९० नंतरच्या दशकात एटीपी ज्यांवर थाप मारतो ती पेशींवरची दारे एकामागून एक सापडली. त्यातले पीटूएक्स-थ्री नावाचे दार १९९५ साली सापडले, आणि तेही नेमके वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवर!

आता आमच्या स्वयंपाकघरात या. त्वचा पोळली, पेशी फुटल्या, आतला एटीपी बाहेर सांडला. जवळच्या मज्जातंतूचे दार उघडले, सोडियम व कॅल्शियमचे कण आत शिरले आणि निरोप मज्जारज्जूकडून मेंदूकडे धावला. एटीपी हा एकटाच निरोप्या नव्हे. उष्णतेची वर्दी देणारी दारे निराळी आहेत. पण घर फुटल्याची बातमी घरातलेच सरपण देते, ही मौज त्याचीच. पुढे या एटीपीचे तुकडे होऊन ॲडेनोसिन तयार होते, आणि ते दुसऱ्या दारांवर जाऊन वेदना शमवायला मदत करते. बोंब मारणाराच मागाहून पाठीवरून हात फिरवतो म्हणा ना!

आता कारण सांगतो. आमच्या आत्याला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या. आग मात्र राहिली. पाठीला पदर लागला तरी ती कळवळे. डॉक्टरांना वर काही दिसेना. मी म्हणालो, "आत्या, तू उगीच मनाला लावून घेतेस." त्यानंतर तिने माझ्याजवळ दुखण्याचा विषय काढला नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचनात आले, की २००३ साली जपान व कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक गोष्ट दाखवून दिली. मज्जातंतूला इजा झाली, की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशींवर एटीपीची पीटूएक्स-फोर ही दारे भराभर वाढतात, आणि मग नुसता स्पर्शही वेदना होऊन बसतो. ती दारे बंद केली, की वेदना उतरते. आत्याच्या दुखण्यात यातले नेमके काय घडले, हे सांगायला मी डॉक्टर नव्हे. पण वर जखम नसतानाही वेदना खरी असते, एवढे मला कळले. बर्नस्टॉकना निदान पुढे मान मिळाला. आत्याला तिचा भाचाही म्हणाला नाही, की तुझे खरे आहे.

तेव्हा परवा सौभाग्यवतींचा हात नळाखाली धरून मी विचारले, "फार आग होते आहे का?"

"अहो, एवढासा तर थेंब," त्या म्हणाल्या. पण हात काही त्यांनी काढून घेतला नाही.