भरडाईचे सूत्र एकाच जागी हवे

आधारभूत धान खरेदीचा आणि भरडाईचा हिशेब एक्सेलमध्ये मांडताना एकच सूत्र पुन्हा पुन्हा लागते: मिलने किती धान उचलले, त्यापोटी किती तांदूळ जमा व्हायला हवा, किती झाला, बाकी किती. भंडारा जिल्ह्याचे तालुके सात. तुमसरच्या शीटवर जमलेले सूत्र मोहाडी, साकोली, लाखांदूरच्या शीटवर पेस्ट केले की त्याची प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे बिघडू शकते. म्हणून आमचा आग्रह असा, की अवघड सूत्राच्या प्रती काढूच नयेत. एक्सेलच्या लॅम्ब्डा फंक्शनने, नेम मॅनेजरमध्ये त्याला नाव द्यावे, ते एकाच जागी लिहावे आणि बाकी सगळीकडे फक्त नाव वापरावे.

अरवा तांदळाचा उतारा 67 टक्के, उकड्याचा 68. हे आकडे सूत्रातच लिहिले आणि एका शीटवर चुकीचा राहिला, तर 10,000 क्विंटल धानामागे 100 क्विंटल तांदळाचा फरक पडतो. उतारा वेगळ्या सेलमध्ये ठेवला, पण संदर्भात डॉलरचे चिन्ह राहून गेले, तर सूत्र खाली ओढताना संदर्भही सरकतो आणि रिकाम्या सेलला शून्य समजून हिशेब पुढे जातो. दराचेही तसेच. साधारण धानाचा आधारभूत दर 2024-25 मध्ये 2300 रुपये होता, 2025-26 साठी 2369 झाला. एका केंद्राच्या शीटवर जुना दर राहिला, तर तेवढ्याच धानावर 6 लाख 90 हजारांची तफावत येते, आणि कोणताही सेल लाल होत नाही. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जेपी मॉर्गन बँकेच्या 2012 च्या प्रचंड तोट्याची चौकशी झाली तेव्हा जोखीम मोजण्याची पद्धत हाताने कॉपी-पेस्ट होणाऱ्या शीटांवर चालत असल्याचे, आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागल्यामुळे जोखीम कमी दिसत असल्याचे समोर आले. तोट्याचे ते एकमेव कारण नव्हते, पण धोका त्यामुळे झाकला गेला.

जुन्या एक्सेलमध्ये लॅम्ब्डा नाही, ही अडचण खरी आहे. 2016 किंवा 2019 च्या आवृत्तीत ते सूत्र चालणार नाही. पण नेम मॅनेजर तिथेही आहे. उतारा आणि दर यांना नावे देऊन लांबलचक सूत्र तीन-चार मदतनीस स्तंभांत फोडले, तरी बरेच साधते. गुगल शीट्समध्ये 2022 पासून नाव दिलेली फंक्शन करता येतात. दुसरा आक्षेप असा, की मूळ सूत्रच चुकले तर सातही तालुके चुकतील. चुकतील; पण ती चूक सगळीकडे सारखीच दिसेल आणि एकाच ठिकाणी दुरुस्त होईल. त्यासाठी व्याख्येशेजारी उत्तर माहीत असलेल्या ओळी ठेवाव्यात: 100 क्विंटल धान, अरवा, येणे 67 क्विंटल. लेखापरीक्षकालाही शेकडो सेल उघडण्यापेक्षा एक व्याख्या आणि या ओळी तपासणे सोपे.

सर्वात वजनदार आक्षेप मागील हंगामांचा आहे. दराचा एकच सेल बदलला, तर मिटलेले हिशेबही बदलतील. म्हणून दर आणि उतारा यांचा हंगामवार तक्ता हवा आणि सूत्राने हंगाम विचारूनच आकडा उचलायला हवा. नवा हंगाम आला की तक्त्यात एक ओळ वाढते. जुन्या ओळींना हात लावायचा नाही.