कपाटातला कॅमेरा

दसऱ्याला आमचे मेहुणे घरी आले आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच त्यांनी माझ्या कॅमेऱ्याचा उद्धार केला. "दाजी, २००९ सालचा हा डबा अजून बाळगलाय? नवी बॉडी घ्या. लेन्स आहेच तुमच्याकडे!" मेहुण्यांचा शब्द मोडू नये असा आमच्या घरचा रिवाज आहे. पण या एका बाबतीत मी तो मोडणार आहे, आणि तोही चार लोकांदेखत. कारण घरोघरचे मेहुणे हेच सांगत असतात, आणि बापड्यांचा दिवाळीचा बोनस त्यापायी खर्ची पडत असतो.

माझा कॅमेरा निकॉनचा डी-९०. २००८ साली तो बाजारात आला, तेव्हा चलच्चित्र घेणारा पहिला डीएसएलआर म्हणून त्याचे केवढे कौतुक झाले होते! त्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो आजही १४ बाय ९ इंचांच्या कागदावर स्वच्छ उमटतो. मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवर याहून मोठा फोटो लावायला जागा तरी कुठे असते? तेव्हा दोष त्याच्या दृष्टीत नाही, वजनात आहे. १८-१०५ च्या भिंगासह तो किलोच्या वर भरतो. एवढे ओझे माणूस लग्नकार्यालाच बाहेर काढतो. एरवी ते कपाटात.

हे मी कशाच्या जोरावर बोलतो, तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी माझे वडील ओसरीवर आकाशकंदील बांधत बसले होते. बांबूच्या कामट्या, खळीची वाटी, मांडीवर रंगीत कागद आणि शेजारी एक पणती. नातवाला सांगत होते, "अरे, कामटी वाकव, मोडू नको." मोबाइल मुलीच्या अभ्यासात अडकलेला, म्हणून मी कॅमेरा आणायला आत गेलो. कपाट उघडले, पिशवी काढली, तर बॅटरी उतरलेली! चार्जर सापडेपर्यंत कंदील वर चढलासुद्धा. "उद्या काढ की," वडील म्हणाले. पुढच्या दिवाळीला ते नव्हते. त्यांचा स्टुडिओतला फोटो माझ्यापाशी आहे. पण त्यात त्यांचे हात नाहीत.

मेहुणे म्हणतील, छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा. कबूल. सोनीचा २०१२ साली आलेला आरएक्स-१०० घ्या. त्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, तर डी-९० चा २३.६ बाय १५.८. म्हणजे क्षेत्रफळ एक-तृतीयांशाहूनही कमी. पण गणित इथेच सोडून उठणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात अर्धेच गुण देतो. छोट्याचे भिंग एफ १.८ पर्यंत उघडते, माझे एफ ३.५ पर्यंत. या दोन आकड्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढा. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर, तेवढ्याच वेळात, छोट्याचे भिंग जवळजवळ चौपट प्रकाश पाडते. जागा तृतीयांश आणि प्रकाश चौपट. तेव्हा पणतीच्या उजेडात दोघे बरोबरीचे! झूम पुढे नेले की छोट्याची ही मिजास उतरते, हेही सांगितले पाहिजे. पण त्याचे वजन २४० ग्रॅम आहे, आणि तो सदऱ्याच्या बाजूच्या खिशात बसतो.

आणि नवी बॉडी घेऊन तरी काय साधेल? भिंग तेच, पिशवी तीच, ओझे जवळपास तेवढेच आणि कपाटही तेच! शिवाय निकॉननेच २०२० सालच्या डी-७८० आणि डी-६ नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. ती कंपनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळली. खुद्द कर्त्याने सोडलेल्या वाटेवर आपण नवी गाडी जुंपावी, हा कुठला व्यवहार?

कोणी विचारील, मग मोबाइल काय वाईट? मुळीच वाईट नाही. ज्याचे त्यावर भागते, त्याने एक पैसाही खर्चू नये. मोबाइलचा मोठा गुण हाच की तो जवळ असतो, आणि माझे म्हणणे तरी दुसरे काय आहे?

जुना कॅमेरा मोडीत काढा, असे मात्र मी म्हणत नाही. शाळेच्या क्रीडामहोत्सवात धावणाऱ्या पोरांमागे मला डी-९० च लागतो. त्याच्यावर पैसे घालायचेच असतील तर बॉडीवर घालू नका. २००९ साली आलेले ३५ मिलिमीटरचे, एफ १.८ चे भिंग घ्या. ते २०० ग्रॅमचे आहे, आणि अंधारात त्याच जुन्या कॅमेऱ्याला नवी दृष्टी देते.

मी जुन्या बाजारातून एक आरएक्स-१०० घेतला आहे. मेहुण्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "खेळणं आहे," म्हणाले. असेल. यंदा वसुबारसेला कामट्या माझा मुलगा वाकवणार आहे. मी ओसरीवरच बसणार आहे. आत जाणार नाही.