सोबतीला कोण?

बाई घराबाहेर निघाली की तिला पहिला प्रश्न 'कुठे' असा येत नाही, 'कुणाबरोबर' असा येतो. येत्या चैत्रात बेल्ह्याहून पंढरपूरला पायी, एकटीने जायचं मी ठरवलं आहे. ठरवल्यापासून हा प्रश्न इतक्या तोंडून ऐकला, की त्याचं उत्तर एकदाच लिहून काढावं म्हटलं.

बेत साधा आहे. वारकऱ्यांच्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी चैत्र शुद्ध एकादशीची एक. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. रोज वीस धरले तर तेरा दिवस. बेल्हे-जेजुरी रस्त्याने लोणी, पाबळ, शिक्रापूर. तिथून चौफुल्याकडे उतरायचं आणि वरवंडपासून तुकोबांच्या पालखीची वाट धरून बारामती, इंदापूर, अकलूज. चैत्रातलं ऊन टाळायचं तर पहाटे चारला निघायचं आणि दहा-अकराला सावली गाठायची. दशमीला पोचायचं म्हणजे पाडव्याच्या तीन दिवस आधी घर सोडायला हवं.

इथेच पहिली ठेच लागली. "वहिनी, मग घरची गुढी?" दीर काळजीने विचारत होते, थट्टेने नाही. घरात काठी उचलू शकतील असे तीन पुरुष आहेत. पण गुढी उभारायची म्हणजे आदल्या दिवशी घर सारवायचं, कडुलिंब आणायचा, पुरणाचा घाट घालायचा, आणि मग तयार गुढीला हात लावायला पुरुषांना बोलवायचं. गुढी अडत नाही, मैत्रिणींनो. अडतं ते बाईचं फुकटचं काम.

दुसरी हरकत बिबट्याची. जुन्नर-आंबेगावात ही हरकत खोटी नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, उसात पिल्लं सापडतात, माणसं मरतात. पण बातम्या नीट वाचा. गवत कापणारी बाई, खुरपणारी बाई, अंगणात खेळणारं मूल, असेच बळी त्यात पुन्हा पुन्हा दिसतील. त्या बाईला 'उसाच्या कडेला एकटी जाऊ नकोस, आज खुरपणी राहू दे' असं किती घरांनी सांगितलं? कांदा काढायला दिवस उगवायच्या आत निघते तेव्हा बिबट्या नसतो. सोमवारच्या बाजाराला पाटी डोक्यावर घेऊन निघते तेव्हाही नसतो. ती स्वतःसाठी पाऊल उचलते तेव्हाच तो कसा आडवा येतो? भीती बिबट्याची असेल तर पुरुषाला काठी आणि बॅटरी देता, तीच मलाही द्या. घरी बसवणं हा बिबट्यावरचा उपाय नव्हे.

तिसरी अडचण मुक्कामाची. वाटेवरच्या काही ठिकाणी मी फोन करून विचारलं. "किती माणसं?" "एक." "बाई आहात? सोबतीला कोण?" कोणी नाही म्हटल्यावर खोली नाही. एका ठिकाणी तर नवऱ्याच्या हाती फोन द्या म्हणाले. एकटा पुरुष पंचा खांद्यावर टाकून देवळाच्या ओवरीत झोपला तर तो माउली. एकटी बाई तिथेच पथारी टाकते म्हणाली, तर ती घरातून भांडून आलेली किंवा त्याहून वाईट काहीतरी.

"मग दिंडीत जा ना," असं सगळेच म्हणतात. दिंडीचा मला अनादर नाही. आषाढीला लाखो बाया चालतात, त्यांच्या पायांवर वारी उभी आहे. पण तिथेही वीणा बहुतेक पुरुषाच्या गळ्यात आणि तुळस बाईच्या डोक्यावर. शिवाय ज्या सोयी होतात त्या गर्दीसाठी होतात. राज्य महिला आयोगाने 2022 मध्ये आषाढीच्या वाटेवर 'आरोग्यवारी' सुरू केली, हे चांगलंच झालं. पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाचं भूमिपूजन 2021 च्या नोव्हेंबरात झालं, त्यात चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली आहे, तेही चांगलं. पण चैत्रात, एकटीला, पहाटे पाचला पाळीचं कापड बदलायचं असेल तर आडोसा कुठे? रस्ता रुंद झाला म्हणजे तो बाईला मोकळा झाला असं होत नाही. आणि गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायचा सल्ला कृपा करून मला देऊ नका.

चळवळीतल्या मैत्रिणींची हरकत वेगळी. "स्त्रीमुक्तीचं नाव घेतेस आणि विठोबाला कशाला जातेस?" देवळाच्या दारातले झगडे परक्यांचे नव्हेत, आपलेच आहेत. 1947 साली साने गुरुजी पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. 2016 च्या पाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायांना खुला झाला. चौथऱ्यासाठी भांडायचं आणि चौथऱ्यापर्यंतचा रस्ता मात्र सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

माझ्या वाटेवर चौफुल्याजवळ केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन तिथलं. लहानपणी आईवडिलांबरोबर, आणि दुष्काळात ते गेल्यावर भावाबरोबर, रमाबाई हजारो मैल पायी तीर्थं फिरल्या. 1878 साली कलकत्त्याला पोचल्यावर त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. पुढे त्यांनी धर्म बदलला, पण देशातल्या बायांचे हाल त्यांनी चालता चालताच पाहिले होते. चालणारी बाई पाहते, आणि पाहिलेलं विसरत नाही. तिला एकटीने चालू न देण्यामागे हेही एक कारण असेल.

म्हणून मागणं सरळ आहे. पालखीच्या वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पाणी आणि दिवा असलेलं एक शौचालय बारा महिने उघडं ठेवावं. बाई एकटी आहे म्हणून कुठल्याही धर्मशाळेने, मठाने, देवस्थानाने तिला खोली नाकारू नये; ओळखपत्र बघावं, नवरा शोधू नये. बचत गटाच्या बायांनी गावात एका रात्रीची पथारी देणाऱ्या घरांची यादी करावी. याला सरकारी आदेश लागत नाही.

आणि तोवर तुमच्या दारावरून एखादी एकटी बाई चालत गेली, तर तिला पाणी हवंय का, एवढंच विचारा. सोबतीला कोण, हे तिला गावोगाव विचारून झालेलं असेल.