मोत माउलीची जत्रा कोणाची?

सप्टेंबरातील जत्रेचा आठवडा आला, की वांद्र्यात वाहतुकीच्या कोंडीची तक्रार सुरू होते. ती खोटी नाही. परंतु टेकडीवरील मोत माउलीचे देवालय या गर्दीवाचून टिकले असते काय, याचाही विचार व्हावयास हवा. 1700 मध्ये अरब चाच्यांनी सोन्याच्या लोभाने या मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे मराठ्यांच्या साष्टी-वसई मोहिमेच्या (1737-39) धामधुमीत देवालयही नष्ट झाले. 1761 मध्ये मूर्तीची पुन्हा स्थापना झाली, तेव्हा तुटका हात झाकला जाईल असा बाळ येशू तिच्याजवळ ठेवण्यात आला. सध्याची वास्तू 1904 ची. मुंबईहून येणाऱ्यांची तरीची यातायात चुकली ती 1845 मध्ये, माहीमच्या बांधामुळे. आणि त्याला पैसा दिला लेडी अवाबाई जमशेटजी या पारशी स्त्रीने!

हात तुटलेल्या या माउलीलाच लोक मेणाचे हातपाय वाहतात. त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. मेणाची घरेही खपतात. मुंबईच्या घरटंचाईचे इतके बोलके कोष्टक कोणत्या सरकारी अहवालात आढळेल? दुकानांची मांडणी सुधारावी, आठवडाभर खासगी मोटारींना टेकडीवर मज्जाव करावा. जत्राच आटोपती घ्या, ही मागणी मात्र मान्य होण्याजोगी नाही.