पांढऱ्या पानाची ओळख

परशुराम घाट उतरून चिपळुणाकडे येऊ लागले, की श्रावणातल्या ओल्या उजेडात, जांभ्याच्या दरडीवर, करवंदीच्या जाळीतून डोके वर काढून, जागोजाग पांढऱ्या पताका लावल्यासारखे एक झुडूप दृष्टीस पडते आणि सोबतचा पाहुणा हटकून विचारतो, "ही पांढरी फुले कसली हो?" उत्तर देण्यापूर्वी हा प्रश्नच दुरुस्त करावा लागतो, कारण जे पांढरे दिसते ते फूल नव्हेच.

हे भूतकेसाचे झुडूप. खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे यालाच शेरवड म्हणतात. एक डहाळी हाती घेऊन पाहावी. पाने समोरासमोर जोडीने आलेली असतात आणि दोन देठांच्या मधोमध, खोडाला चिकटून, इवलीशी टोकदार उपपर्णे दिसतात. कदंब, कॉफी आणि पेंडकुळी यांच्या कुलाची ही खूण होय. शेंड्याच्या झुबक्यात नारिंगी रंगाची, नळीवर चांदणी बसवावी तशी जी लहान फुले असतात, तीच खरी फुले. त्यांपैकी काहींच्या तळाशी असलेल्या पाच हिरव्या निदलांतले एकच निदल वाढून पानाएवढे होते, पांढरे पडते. ते उलटे करून पाहिले, तर पानाच्या शिरांचे सारे जाळे तेथे स्पष्ट उमटलेले दिसते. लहान फुलाचा ठावठिकाणा फुलपाखरांना दुरून कळावा, म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. मलबारच्या लोकांनी तर या झाडाला 'वेळ्ळिला', म्हणजे पांढरे पान, असेच नेमके नाव दिले, आणि डच अंमलदार व्हान रीड याने 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापविलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये ते 'बेलिल्ला' या रूपाने नोंदले गेले.

हे झाड परसात आणावयाचे, तर ते मुळासकट उपटू नये. मी एकदा तसे केले आणि आठ दिवसांत ते वाळून गेले, ही रुखरुख अद्याप आहे. मृगाचा पाऊस स्थिरावला, की अर्धवट जून फांदीचे वीतभर छाट घ्यावेत, खालची पाने काढून दोन पेरी मातीत जातील असे खोचावेत; माती जांभ्याचीच, पण तीत कुजका पाला व थोडी वाळू मिसळलेली असावी, आणि पाणी तुंबू देऊ नये. कुंडी पडवीच्या सावलीत ठेवली, तर साधारण दीड महिन्यात मुळे धरतात. पुढे सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा द्यावी, आणि बहर सरल्यावर छाटणी करावी, कारण फुले नव्या फुटीवरच येतात.

पानांवर कुरतडल्याच्या खुणा दिसल्या, तर औषध मारण्याची घाई करू नये. कमांडर नावाच्या फुलपाखराची अळी या पानावर वाढते. ती कडेचा भाग खाऊन मधली शीर तेवढी राखते आणि त्या शिरेच्या टोकाशी, वाळक्या कचऱ्यासारखी, निश्चल बसून राहते.

रोपवाटिकांतून मिळणारा गुलाबी किंवा शुभ्र मुसेंडा हा याचाच फिलिपाइन्सकडील भाऊबंद. त्याची पाचही निदले फुगून रंगतात, म्हणून तो अधिक भरघोस दिसतो. तो अवश्य लावावा. परंतु त्याला जागा करून देण्यासाठी गडग्यावरचा भूतकेस तोडू नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. गणपतीपूर्वी पाखाडी साफ करताना कोयता सरसकट चालतो, आणि नाव ठाऊक नसलेले प्रत्येक झाड रान ठरते. ज्याचे नाव मुलाने एकदा तोंडाने उच्चारले, ते पांढरे पान मात्र त्याच्या हातून सहसा तुटत नाही. म्हणून यंदा पाखाडी बेणताना घरातल्या एका मुलाला बरोबर न्यावे, आणि कोयता उचलण्यापूर्वी ते पान त्याच्या हाताने उलटे करून दाखवावे.